दार उघडलं तेव्हा सिनेमा बाकी होता

टॉकीजच्या दाराशी उभ्या असणाऱ्या बाईला सिनेमा सलग बघायला मिळत नाही. लोकांना वाटतं, हिची काय मजा, रोज फुकटात पिक्चर. खरं म्हणजे नोकरीला लागल्यापासून मी एकही सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेला नाही. सुरुवातीला मी उशिरा आलेल्यांना बॅटरी दाखवत असते. मधे कुणाचं तरी लेकरू रडतं, त्याला आणि त्याच्या आईला बाहेर काढायचं असतं. आणि शेवट आला की दारं उघडायची असतात. त्यामुळे नायक-नायिकेचं जमलं की नाही, हे मला बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावरून कळतं.

या अंकाचे संपादक म्हणाले, "तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, "सर, माझी शाळा सातवीत सुटली." ते म्हणाले, "म्हणूनच लिहा." याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही, पण विचारलं याचं बरं वाटलं. पुढे त्यांचाही उल्लेख येणार आहे. तो ठेवायचा की काढायचा ते त्यांनी ठरवावं. मी मनात धरणार नाही.

मी मूळची देवगडकडची. आमचे हे रस्त्याच्या कंत्राटदाराकडे रोलर चालवायचे. कंत्राटदाराचा कॅम्प हिंगोलीला पडला, काम संपलं, कॅम्प पुढे गेला. मुलगी इथल्या शाळेत रमली होती म्हणून आम्ही मागे राहिलो. टॉकीजच्या शेठजींच्या पत्नी, त्यांना सगळे भाभी म्हणतात, त्यांनी मला लेडीजच्या दारावर ठेवलं. शेठजी कुरकुरत होते. भाभी म्हणाल्या, "कोकणातली हाय, आवाज बारीक हाय, पण बायामाणसात उभी राहील बराबर." त्या एका वाक्यावर माझं घर चाललं आहे, आणि ते मी विसरत नाही. काळजी करण्याची मला सवय आहे. दार वेळेवर उघडेल का, कडी अडकणार नाही ना, जिन्यात कुणी पडणार नाही ना, असं माझं दिवसभर चाललेलं असतं. हे म्हणतात, टॉकीज पडली तर तुझ्या काळजीनंच पडेल.

काम बाहेरून सोपं दिसतं. बॅटरी पायाजवळ मारायची, तोंडावर कधीच नाही. अंधारात कोण कुणाजवळ बसलं आहे हे बघणं आमचं काम नव्हे. दुसरं म्हणजे लोकांचा मूड ओळखायचा. एकदा देवाचा सिनेमा लागला होता तेव्हा बायकांनी दाराबाहेर चपला काढल्या. मला कौतुक वाटलं, मी अडवलं नाही. खेळ सुटल्यावर त्या चपलांचा जो घोळ झाला, तो निस्तरेपर्यंत पुढचा खेळ अर्धा होऊन गेला. एक बाई दोन्ही डाव्या पायाच्या चपला घालून सेनगावला गेली.

पण खरं काम दारावर ऐकायचं. जाहिरात कितीही होऊ दे, सिनेमाचं नशीब आमच्या फाटकाशी ठरतं. सुटलेला खेळ बाहेर पडतो, पुढच्या खेळाचे लोक उभे असतात. ते विचारतात, "कसाय?" "बराय" असं उत्तर आलं की समजायचं, सोमवारी पोस्टर उतरणार. "टाइमपास हाय" म्हणजे रविवार निघेल. उत्तर न देता माणूस नुसता हसला, तर बायकोला घेऊन परत येणार. खेळ सुटला की शेठजी वर बोलावून विचारतात, "क्या बोले लोगां?" आणि मी सांगते. लोकांची मतं गोळा करायची ही अशी माझी नोकरी.

तर मागच्या थंडीत आमच्याकडे एक आर्ट पिक्चर लागला. आपल्या मराठवाड्यातल्याच एका लेखकाच्या कादंबरीवर काढलेला. त्या कादंबरीवर पूर्वी बरंच रान उठलं होतं म्हणे. वाचनालयात ती कपाटात कुलूप लावून ठेवलेली असायची, आणि कुलपाची किल्ली सगळ्यांना ठाऊक असायची. गोष्ट दोन पुरुषांची. नाक्यावर एक पंक्चरवाला, आणि रोज बसमधून उतरून शाळेत जाणारा मास्तर. दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं. नुसती दोस्ती नाही, नवरा-बायकोसारखं प्रेम. पुस्तकात ते आडपडदा न ठेवता लिहिलेलं आहे, असं ज्यांनी वाचलेलं नव्हतं ते सगळे सांगत होते.

असला पिक्चर हिंगोलीत का? तर त्याचं शूटिंग कनेरगाव नाक्यावर झालं होतं. बाहेर देशात बक्षिसं मिळाली, पुण्यात सकाळचा एखादा खेळ मिळाला, आणि निर्मात्यांना वाटलं, जिथे काढला तिथल्या लोकांनी बघितलाच पाहिजे. शेठजींनी टॉकीजचं भाडं घेतलं आणि मग घाबरायला लागले. पोस्टर रस्त्याकडच्या भिंतीवर न लावता आत, मुतारीच्या वाटेवर लावलं. फाटकावर एक पोलीस मागवून बसवला. भाभी म्हणाल्या, "एवढं भेता तर घेतला काहून?" शेठजी म्हणाले, "घेतला तवा स्टोरी कुठं विचारली मी?"

शुक्रवारी बाराच्या खेळाला लेडीजच्या बाजूला चार-पाच बायका होत्या. त्यातली एक फार लवकर आली. साठीच्या आसपासची, हातात कापडी पिशवी. मला विचारलं, "यात मारामारी हाय का, बाई?"

"नाही मावशी."

"रडारड?"

"मला माहीत नाही. आजच लागलाय."

"बरं. मला कोपऱ्यातली जागा दे."

मध्यंतराला ती जागेवरून उठली नाही म्हणून मी तिच्यासाठी चहा नेला. तिनं पदरानं कप धरला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. नाव सुलोचनाबाई. हट्टा गावची. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दोन गाड्या बदलून आली होती, आणि शेजारणीला सांगून आली होती की हिंगोलीला डोळे दाखवायला चालले.

"माहा मिलिंद पुण्याला असतो. दवाखान्यात रक्त तपासतो," ती म्हणाली. "पस्तिशीला आला. स्थळ आणलं की न्हाई म्हणतो. मागल्या आठवड्यात फोन केला. म्हणला, आई, हिंगोलीला एक पिक्चर लागणार हाय. एकटी जा, बघ, अन् मला तुझं मत सांग. मंग आपण बोलू."

मी तिच्या हातातला रिकामा कप घेतला.

"निम्माच बघितला अजून," ती म्हणाली. "पण कळलं मला. आईला कळतं. आता ह्या दोघांचं पुढं काय होतं ते बघते. मंग सांगते त्याला."

आता पिक्चरचा शेवट सांगते, म्हणजे आम्हाला जो शेवट वाटला तो. मास्तरची बदली होते. तो बॅग घेऊन बसमध्ये बसतो. बस निघून जाते. पंक्चरवाला नाक्यावर उभा राहतो. मग पडद्यावर नुसता रस्ता. माणूस नाही, गाणं नाही, फक्त वाऱ्याचा आवाज. आणि रस्ता आपला तसाच.

पब्लिक थोडा वेळ गप्प बसलं. मग एकानं शिट्टी मारली. दुसरा ओरडला, "ओ ऑपरेटर! झोपला का?" आमचे ऑपरेटर युसूफभाई वरच्या खोलीच्या झरोक्यातून बघत होते. त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मागच्या उन्हाळ्यात एक पिक्चर मधेच असाच अडकला होता तेव्हा पब्लिकनं खुर्च्यांच्या गाद्या फाडल्या होत्या. रिळं होती तेव्हा युसूफभाईंना हाताला कळायचं, काय तुटलं, कुठे जोडायचं. आता सगळं कॉम्प्युटरच्या एका डब्यात येतं. त्या डब्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी ठरवलं, एक तर पिक्चर लटकला, नाहीतर संपला. दोन्हीला इलाज एकच. मशीन बंद, दिवे चालू. आणि दिवे लागले की दार उघडायचं, हे माझं काम. मी कडी काढली.

सुलोचनाबाई दाराशी आली. डोळे कोरडे होते, पण पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

"संपला?"

"संपला मावशी."

"त्यो आलाच न्हाई परत?"

"नाही."

ती पायऱ्या उतरून गेली.

पुढच्या प्रत्येक खेळाला युसूफभाईंनी त्याच जागी दिवे लावले. एकदा ठरलं की ठरलं. पब्लिकही शिट्टी मारायचं बंद झालं, कारण रिकामा रस्ता आला की पिक्चर संपतो हे फाटकावर एकमेकांना सांगून झालं होतं.

ज्या गोंधळाची शेठजींना भीती होती तो शनिवारी आला. दहा-बारा पोरं, झेंडे गुंडाळून काखेत. पोलीस उठून उभा राहिला. पोरं तिकिटं काढून आत गेली, कारण आधी बघायचं, मग बंद पाडायचं, असं त्यांचं ठरलं होतं. पहिल्या अर्ध्या तासातच त्यातला एक ओरडला, "अबे, माहा काका!" खरंच, नाक्यावरच्या हॉटेलात चहा पिणारा माणूस त्याचा सख्खा काका निघाला. मग ते सगळेच जण काका कधी दिसतो ते बघत बसले. बाहेर पडताना त्यांची एकच तक्रार होती, की काकाला नुसता चहा पाजला, एक डायलॉगसुद्धा दिला नाही. रविवारी काका स्वतः आले, इस्त्रीचे कपडे घालून, घरची सगळी माणसं घेऊन.

शनिवारीच पुण्याहून सानिका नावाची मुलगी आली होती. निर्मात्यांकडे कामाला होती. लोकांची मतं कॅमेऱ्यात घ्यायची म्हणून फाटकाशी तिकाटणं लावून उभी राहायची. मला म्हणाली, "ताई, तुम्ही लोकांना ओळखता. बोलणारी माणसं द्या ना."

मी माणसं दिली, पण कॅमेरा लागला की हिंगोलीचा माणूस बदलतो. बी-बियाण्यांच्या दुकानाचे एक मालक टोपी सारखी करून म्हणाले, "समाजाला यातून अतिशय चांगला संदेश मिळतो."

"कोणता?" सानिकानं विचारलं.

त्यांनी टोपी पुन्हा सारखी केली. "गाडीची हवा येळेवर चेक केली पायजे."

तीच माणसं पुढे पानटपरीवर गेली की खरं बोलायची. साखरा गावचा एक शेतकरी तिथे फार तावातावानं सांगत होता, "मास्तर नवीन बदलून येतो तवा जून म्हणून राहिले, अन् मागं तुरीला फुलं! जूनमधी तुरीला फुलं असतात व्हय? एवढा पैसा घालून पिक्चर काढला, कुणाला इचारावं तरी." त्या दोघांबद्दल काय वाटलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्यांचं काय? ते बराबर दाखवलं."

एक नर्सबाई म्हणाली, "ग्रीस पुसायचा सीन खरा हाय." त्या प्रसंगात पंक्चरवाला मास्तरच्या हाताला लागलेलं ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं एकेक बोट धरून पुसतो, आणि पुसून झाल्यावरही हात सोडत नाही. दर खेळाला मी त्या वेळी श्वास धरून उभी राहायची, आता हसतील, आता शिट्टी येईल. एकदाही आली नाही. पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. कॉलेजची दोन पोरं मात्र आत जाताना खूप मोठ्यानं हसत गेली होती. बाहेर पडताना एक मोठ्या फाटकातून गेला आणि दुसरा सायकल स्टँडकडून. सानिकाला त्यांचं मत हवं होतं. मी तिला म्हटलं, त्यांना राहू दे.

आणि आमचे संपादक. ते कॉलेजात मराठी शिकवतात. रविवारच्या पेपरात त्यांनी मोठा लेख लिहिला. मी तो दोनदा वाचला, म्हणजे दुसऱ्यांदा मुलीनं समजावून सांगितला. त्यात होतं की दिग्दर्शकानं शेवट न देण्याचं धाडस केलं आहे, रिकामा रस्ता हेच या समाजाचं उत्तर आहे, आणि दिवे लागतात तो झटकाही कलेचाच भाग आहे. युसूफभाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दिव्यांबद्दल पेपरात आलं होतं.

त्याच दिवशी तीनच्या खेळाला सानिकाच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली, म्हणून ती आत येऊन माझ्याजवळ उभी राहिली. एरवी शेवटाला ती फाटकावर असायची. मास्तर गेला, रस्ता आला, दिवे लागले, मी कडीला हात घातला.

"अहो, हे काय?" ती किंचाळली. "दिवे का लावले?"

"संपला ना."

"कुठे संपला?"

ती जिना चढून वर धावली. मी मागोमाग. युसूफभाई शांतपणे पान जुळवत होते.

"काका, सिनेमा बंद का केलात?"

"खाली रोड था मॅडम. कुछ नै था उसमें."

"तोच तर सीन आहे! तो येतो ना त्या रस्त्यावरून!"

"कौन?"

"मास्तर!"

युसूफभाईंच्या हातातलं पान तसंच राहिलं. "आता है?" ते म्हणाले. "वापस आता है?"

पब्लिक गेल्यावर सानिकानं तेवढा भाग आम्हाला लावून दाखवला. रिकाम्या टॉकीजमध्ये शेठजी, भाभी, युसूफभाई आणि मी. रस्ता दिसत राहतो, इतका की माझा हात आपोआप कडीकडे जायला लागला. मग लांबून एक ठिपका येतो. तो चालत येतो, घाई नाही. जवळ आला की कळतं, मास्तर आहे. पंक्चरवाला त्याच्याकडे बघतो आणि काही न बोलता बसायला एक टायर पुढे सरकवतो. मास्तर त्यावर टेकतो, आणि मग पडद्यावर नावं सुरू होतात.

भाभी म्हणाल्या, "तीन दिवस झाले, गावाला काय दाखवून राहिलो आपण?"

पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मला हट्ट्याची सुलोचनाबाई दिसत होती. एक बाई दोन गाड्या बदलून लेकाचं मन समजून घ्यायला आली होती, आणि तिला "संपला" असं मी सांगितलं होतं. ती घरी जाऊन काय बोलली असेल त्याला? काही उलटंसुलटं बोलली असेल तर? युसूफभाईंची चूक गावाच्या चेष्टेत निघून जाईल. माझा शब्द तिच्या घरात जाऊन बसला होता.

सोमवारी हट्ट्याला निघता आलं नाही. खरा शेवट राहिल्याची बातमी रातोरात पसरली होती, आणि सकाळपासून फाटकावर ही गर्दी. लोक हात वर करून ओरडत होते. शेठजींनी वरून बघितलं आणि शटर ओढायला लावलं. "आला मोर्चा! मी बोललो होतो!" पोलिसानं शिट्टी तोंडात धरली. मी फटीतून कान लावला. लोक ओरडत होते, "शेवट दाखवा! शेवट दाखवा!" कनेरगावचे तर टेम्पो करून आले होते. त्यांचं म्हणणं, रस्ता आमचा, नाका आमचा, काका आमचे, अन् शेवट तेवढा तुम्ही दाबून ठेवला.

मग असं ठरलं की प्रत्येक खेळाला, मास्तर बसमध्ये बसला की आधी बघून गेलेल्यांना आत सोडायचं. आयुष्यात पहिल्यांदा शेवट आल्यावर मी दार उघडून लोकांना आत घेतलं. भिंतीला लागून उभे राहिले सगळे. ठिपका दिसला तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "आला बे, आला!" आणि जशी टाळी पडली तशी मोठमोठ्या हिरोंनाही आमच्याकडे पडलेली नाही. संपादकही आले होते. मी भीत भीत विचारलं, "सर, आता?" ते चष्मा पुसत म्हणाले, "मी माझ्या मतावर ठाम आहे. हे परत येणं म्हणजे तडजोड आहे." पण टाळी त्यांनीही वाजवली होती. मी बघितली.

मंगळवारी मी सुट्टी मागितली. हे म्हणाले, "तू कित्याक जातंस? तुका कोणी बोलवल्यान?" मी म्हटलं, कुणी नाही, म्हणूनच जाते.

गाडीत बसल्यावर मात्र काळजी सुरू झाली. तिचा नंबर माझ्याकडे नाही, घर माहीत नाही, आणि कुणी विचारलं कोण तुम्ही, तर काय सांगायचं? टॉकीजवाली म्हटलं तर तिचं पितळ उघडं पडणार. हट्ट्याला उतरले. शाळेजवळ एका बाईनं हटकलंच.

"कोण पायजे?"

"सुलोचनाबाई. मी हिंगोलीहून आले. डोळ्यांच्या दवाखान्यातून."

"अगं बाई! घरपोच सांगायला येतात आता? मोतीबिंदू निघाला का?"

"नाही, नाही. थोडं बघायचं राहिलंय त्यांचं," मी म्हटलं. यापेक्षा खरं मला बोलता आलं नसतं.

शाळेच्या मागे पोरांची जेवणं आटोपली होती. सुलोचनाबाई नळाशी खिचडीचं मोठं पातेलं घासत बसली होती. मला बघून तिच्या हातातला काथ्या गळाला.

"काय झालं? कुणाला कळलं का?"

"नाही मावशी. मी एवढंच सांगायला आले... त्या दिवशी सिनेमा संपला नव्हता."

"म्हंजे?"

"आमचं चुकलं. आम्ही आधीच दिवे लावले. मास्तर परत येतो."

तिनं ओल्या हातानं शेजारचा दगड दाखवला. मग म्हणाली, "बस. नीट सांग."

मी सांगितलं. रस्ता, ठिपका, चालत येणं. तिनं मधेच थांबवलं.

"गाडीनं का पायी?"

"पायी."

"हातात बॅग होती का?"

मी आठवायला लागले. एवढं बारीक मला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

"नीट आठव," ती म्हणाली. "बॅग असल तर राहायला आला. बिनबॅगीचा असल तर काहीतरी इसरलेलं न्यायला आला."

"होती. खांद्याला होती, मावशी. खाली ठेवली त्यानं."

"खाली ठेवली?"

"हो. टायरवर बसला आणि बॅग पायाशी ठेवली."

"शुक्रवारपासून लेकराचे फोन येऊन राहिले. मी उचलून न्हाई राहिले. काय बोलू? त्यो मास्तर गेला निघून, रस्ता रिकामा. मला वाटलं, पोरगं मला सांगून राहिलं की आई, मी बी आता असाच चाललो. फोन उचलला अन् त्यानं तेच म्हणलं तर?" पदरानं तोंड पुसलं. "झोप न्हाई मला, बाई."

मग तिनं कनवटीचा फोन काढला, माझ्याकडे दिला, म्हणाली, "लाव. मिलिंद म्हणून हाय. माहे हात वल्ले हायेत." मी लावला आणि स्पीकर चालू करून तिच्यासमोर धरला. एक रिंगसुद्धा पुरी झाली नाही.

"आई? आई, बरी आहेस ना? मी उद्या निघणार होतो तिकडं—"

"बरी हाये. पिक्चर बघितला."

पलीकडून हळूच, "पूर्ण?"

"पूर्ण. शेवटी मास्तर परत येतो."

"नाही आई, येत नाही. मी पुस्तक वाचलंय. तो जातो, आणि—"

"पुस्तक ऱ्हाऊ दे. तू पिक्चर बघितला का?"

"नाही, इथे एकच खेळ होता, मला ड्यूटी..."

"मंग? मी बघितला. माह्या डोळ्यानं बघितला." हे म्हणताना तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझी मान आपोआप हलली. "पायी येतो. बॅग घेऊन येतो. बॅग खाली ठेवतो. त्यो दुसरा काही बोलत न्हाई, बसायला देतो. असं हाय त्यात."

मग तो म्हणाला, "मग तुझं मत काय, आई?"

ती पातेल्याच्या काठावर बोट फिरवत राहिली. सानिका तिथे असती तर कॅमेरा घेऊन जवळ गेली असती, असं वाटलं. बरं झालं नव्हती.

"तुह्याबराबर कोण असतं तिथं?" सुलोचनाबाईनं विचारलं. "नाव काय त्याचं?"

"...संदीप."

"कुठला?"

"साताऱ्याकडचा."

"त्याला आपलं तिखट चालल का? का कमी टाकावं लागल?"

पलीकडून नुसता एक आवाज आला. हसणं होतं की दुसरं काही, सांगता येणार नाही. सुलोचनाबाईनं हात लुगड्याला पुसले, माझ्याकडून फोन घेतला, स्पीकर बंद करायचं बटण मलाच दाबायला लावलं आणि फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड केलं. मी काथ्या उचलला आणि राहिलेलं पातेलं माझ्याकडे ओढलं.